पाण्याकडे वळण्याआधी जमिनीचा हिशेब द्या

महाराष्ट्रातले नगररचनाकार, वास्तुरचनाकार आणि गृहनिर्माणाची धोरणं आखणारे सर्व अधिकारी यांस,



हे पत्र नागपूरहून लिहिते आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठी जाऊन बसणं हाच आमचा समुद्रकिनारा. तरीही मुंबईच्या पाण्यावर घरं बांधण्याच्या कल्पनेविषयी मला तुमच्याशी बोलायचं आहे आणि स्पष्टच बोलायचं आहे, कारण त्या घरांत ज्यांनी राहावं असं सुचवलं जातं, ती मुलं आमची आहेत.

तुमच्या प्रदर्शनांत, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत, रविवारच्या पुरवण्यांत एक चित्र अलीकडे वरचेवर दिसतं. खाडीच्या शांत पाण्यावर तरंगणारी घरं, छतावर सौरपट्ट्या, घरांना जोडणारे लाकडी पूल, पुलावर सायकल घेऊन उभी असलेली एक तरुणी. खाली मजकूर असतो की मुंबईत जमीन संपली, आता पाण्याकडे वळायला हवं. चित्र काढणाऱ्या मुलांच्या कल्पकतेचं मला कौतुकच आहे. माझी तक्रार त्या खालच्या ओळीबद्दल आहे. ती ओळ कुणी तपासत नाही. शिक्षक तपासत नाहीत, परीक्षक तपासत नाहीत, छापणारे संपादकही तपासत नाहीत. आणि एकदा ती मान्य केली की पुढचं सगळं अपरिहार्य वाटू लागतं.

नागपूरकरांनी यात का पडावं, असं तुमच्यापैकी कुणी विचारेल. १९५६ पर्यंत नागपूर एका राज्याची राजधानी होतं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर भरवसा ठेवून विदर्भ महाराष्ट्रात आला. करार झाला, दरवर्षी हिवाळी अधिवेशन इथे भरू लागलं, पण मंत्रालय, मोठी रुग्णालयं, बँकांची मुख्यालयं, चित्रपट, वाहिन्या, न्यायालयातली मोठी वकिली हे सगळं मुंबईतच राहिलं. म्हणून विदर्भ एक्सप्रेसने आणि सेवाग्रामने आमची मुलं सकाळी दादरला उतरतात. ती हौसेने स्थलांतर करत नाहीत. राज्याने काम जिथे ठेवलं तिथे ती जातात. त्यांना तिथे राहायला जागा मिळते की नाही, याची जबाबदारी राज्याची आहे, आणि राज्याच्या वतीने रेघा तुम्ही मारता.

मी भूगोल शिकवला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मागच्या वर्षी फोन करून विचारलं, ‘मॅडम, तिथं जुनी बोट घेऊन राहता येते का? खाडीत लावून ठेवली तर?’ तो गंमत करत नव्हता. कंत्राटी नोकरी, अर्धा पगार खोलीच्या भाड्यात, उरलेल्यातून अनामत रकमेसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक भाडं वाढवतो, नाहीतर दुसरा भाडेकरू शोधतो. आधीच्या ठिकाणी आडनाव ऐकून सोसायटीने नकार दिला होता. त्याने कुठेतरी लंडनच्या कालव्यांतल्या बोटींवर राहणाऱ्या तरुणांबद्दल वाचलं होतं आणि त्याला तो एक मार्ग वाटला. शिकलेला, धडधाकट, कामसू मुलगा भारतातल्या सगळ्यात श्रीमंत शहरात राहायला होडी शोधतो, याचं मला फार वाईट वाटलं. त्याला जे सांगितलं ते आधी तुम्हाला सांगते. ते तुम्हाला माहीत असायला हवं, तरी तुमच्या चित्रांत ते दिसत नाही.

मुंबईचं पाणी स्थिर नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची पातळी कित्येक मीटर वर-खाली होते. पावसाळ्यात भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असेल तर महापालिका शहराला सावध करते. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर शिवडीपासून पुढे ओहोटीला पाणी दूर जातं आणि उरतो तो मैलोगणती गाळ. फ्लेमिंगो त्याच गाळावर जगतात. तिथे बांधलेलं घर दिवसातले कित्येक तास चिखलात रुतून बसेल. पश्चिमेला उघडा समुद्र आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते. ती माशांच्या विणीसाठी असतेच, पण त्या दिवसांत समुद्रात जाणं जिवावरचं असतं म्हणून कोळी पिढ्यान्‌पिढ्या होड्या वर ओढून ठेवत आले. पिढीजात दर्यावर्दी माणूस ज्या महिन्यांत पाण्यातून बाहेर येतो, त्या महिन्यांत गोंदियाच्या मुलाने तिथे संसार थाटावा असं कुठलंही शास्त्र सांगत नाही.

ज्या शहरांची उदाहरणं तुम्ही देता ती पाहू. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांत अडीच हजारांच्या आसपास हाऊसबोटी आहेत. पण तिथलं पाणी दारं आणि बांध घालून अडवलेलं, पातळी माणसाने ठरवलेली. लंडनचे कालवेही तसेच, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मालवाहतुकीसाठी खणलेले आणि लॉकच्या दारांनी बांधलेले. या पाण्यावर राहणं आणि अरबी समुद्रावर राहणं यांत गोरेवाडा तलाव आणि वरळीच्या लाटा यांच्यात आहे तेवढा फरक आहे. ॲमस्टरडॅमच्या उत्तर भागात स्कूनस्किप नावाची तरंगती वसाहत २०२१ मध्ये पुरी झाली. ४६ कुटुंबं, तीस तरंगते पाये, साऱ्या वसाहतीला मिळून विजेची एकच मुख्य जोडणी. काम उत्तम आहे. पण ती उभी राहायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला आणि तिथे राहायला गेलेली माणसं बेघर नव्हती. आपल्या आवडीने, आपल्या पैशांनी वेगळं जगून पाहणारी ती कुटुंबं होती. मुंबईच्या घरटंचाईचं उत्तर म्हणून ते उदाहरण पुढे करणं बरोबर नाही.

लंडनचा अनुभव तर आपल्याला जास्त उपयोगी आहे. तिथे ज्यांच्याकडे कायमची जागा नाही, त्या बोटवाल्यांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. सतत पुढे सरकत राहावं लागतं. मग मुलांची शाळा कुठली, पत्रं कुठे यायची, डॉक्टर कोणता, हे प्रश्न येतात. पिण्याचं पाणी ठरावीक नळांवरूनच भरायचं, मैला ठरावीक ठिकाणीच रिकामा करायचा, आणि त्या जागांवर गर्दी. असं फिरत राहणाऱ्यांवर एप्रिल २०२४ पासून परवान्याच्या शुल्कात वेगळा अधिभारही लागला. ज्याला हे फिरणं नको, त्याने बोट बांधायची कायमची जागा विकत किंवा भाड्याने घ्यायची, आणि शहराच्या मध्यावर ती जागा मिळणं दुरापास्त आणि महाग. ॲमस्टरडॅममध्येही हाऊसबोट विकली जाते तेव्हा किमतीतला मोठा भाग लाकडा-लोखंडाचा नसतो, परवाना असलेल्या जागेचा असतो.

या मुद्द्यापाशी मला तुम्हाला जरा थांबवायचं आहे. होडी स्वस्त असते, ती बांधायची जागा महाग असते. जो बाजार जमिनीवर चालतो तोच पाण्यावर येतो. उद्या मुंबईच्या खाडीत तरंगत्या घरांना परवानगी मिळाली तर पहिल्या वर्षी त्यांची जाहिरात गरजूंसाठी म्हणून होईल, आणि पाचव्या वर्षी समुद्राचं दर्शन चारी बाजूंनी मिळतं म्हणून तीच घरं सगळ्यात महाग ठरतील. तेव्हा माझा विद्यार्थी पुन्हा किनाऱ्यावर उभा असेल.

जगभर हाऊसबोटींचा इतिहास वाचला की एक गोष्ट सारखी समोर येते. माणसं पाण्यावर राहायला गेली ती बहुतेक वेळा जमीन बंद झाल्यामुळे. काश्मीरमध्ये डोगरा राजवटीत बाहेरच्यांना जमीन घ्यायला मनाई होती, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी दल सरोवरात बोटींवर घरं केली. हाँगकाँगच्या ॲबरडीन बंदरात पिढ्यान्‌पिढ्या होड्यांवर जगलेल्या टांका समाजाला चीनच्या किनाऱ्यावर वस्ती करायला पूर्वी मज्जाव होता. ॲमस्टरडॅमच्या हाऊसबोटी वाढल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटोमध्ये युद्धानंतर बंद पडलेल्या गोदीच्या परिसरात टाकून दिलेल्या बोटींवर लोक राहू लागले. प्रत्येक ठिकाणी आधी कुणीतरी जमिनीचं दार लावलेलं आहे. ते दार कुणी लावलं, हे न विचारता तुम्ही पाण्यावरचं घर रेखाटायला बसता, हा माझा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुंबईच्या समुद्रावर माणसं आजही राहतात, ती तुम्हाला दिसत नाहीत. ससून डॉक १८७५ सालचा. तिथले आणि भाऊच्या धक्क्यावरचे ट्रॉलर एकेका फेरीला दहा-पंधरा दिवस समुद्रात असतात. त्यांवरचे खलाशी तिथेच रांधतात, तिथेच झोपतात, आणि बोट धक्क्याला लागली तरी पुष्कळांचा मुक्काम बोटीवरच असतो. शहरात त्यांना दुसरं घर नाही. समुद्राच्या आत, तेलक्षेत्रात काम करणाऱ्या मजुरांसाठी राहण्याचे बार्ज असतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात असाच एक बार्ज, पी-३०५, नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाने उसळत्या समुद्रातून १८६ जणांना वाचवलं. सत्तरहून अधिक जण गेले. तो बार्ज म्हणजे त्या माणसांचं त्या काळातलं घर होतं. बिछाने, स्वयंपाकघर, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सगळं त्यावर होतं.

तरंगत्या घरांच्या चर्चेत पी-३०५ चं नाव मी कधी ऐकलं नाही. भर समुद्रातला बार्ज आणि खाडीतलं घर यांत फरक आहे, हे मलाही कळतं. पण चक्रीवादळ आलं तर पाण्यावर राहणाऱ्या माणसाला बाहेर कोण काढणार, कधी काढणार, सूचना कोण देणार आणि ती कोण ऐकणार, हे प्रश्न दोन्हीकडे तेच आहेत. तौक्तेच्या आदल्या वर्षी, जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन गेलं. अरबी समुद्र पूर्वीइतका शांत राहिलेला नाही. तुमच्या आराखड्यात नांगराची जाडी, आश्रयाची जागा, सुटकेचा मार्ग असं काही असतं का? मी पाहिलेल्या चित्रांत सायकल असते, जीवरक्षक जाकीट नसतं.

आता जमिनीकडे येते. मुंबईत जमीन संपली, असं तुम्ही म्हणता. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली होती. त्याच जनगणनेत शहरातली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं झोपडपट्टीत राहत होती. बंदर प्राधिकरणाकडे पूर्व किनाऱ्यावर सुमारे अठराशे एकर जमीन आहे, तिच्या वापराचे अहवाल येतात आणि जातात. गिरणगावात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. त्याप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते, एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. महापालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला तुकडे आले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. आज तिथे जे मनोरे आहेत, त्यांचे नकाशे तुमच्याच व्यवसायातल्या माणसांनी काढले. मी कुणा एकाला दोष देत नाही. पण जमीन संपली आणि जमीन वाटून टाकली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांना शिकवताना तरी त्या वेगळ्या ठेवा.

हे राज्य पूर्वी भाड्याची घरं बांधत होतं. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळी घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या, सामाईक शौचालयं. त्या खोल्यांचं गुणगान मला करायचं नाही. इंग्रज सरकारने त्या फार दयाबुद्धीने बांधल्या असंही नाही. पण गावाहून आलेल्या माणसाला कामाच्या जवळ, परवडणाऱ्या भाड्यात, छप्पर द्यायचं असतं ही समज तरी त्यामागे होती. स्वातंत्र्यानंतर आपण भाडं गोठवलं आणि भाड्याची घरं बांधणं जवळपास सोडून दिलं. २००८ मध्ये एमएमआरडीएने पुन्हा १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. त्यातली बरीच घरं पुढे गिरणी कामगारांना मालकीने देण्याचं ठरलं. गिरणी कामगारांचा हक्क मी नाकारत नाही, पण नव्याने येणाऱ्यासाठी भाड्याचं घर ही कल्पना त्यात मागे पडली. आता सगळी भिस्त सोडतीवर. २०२३ मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाची ४,०८२ घरांची सोडत निघाली, तिला एक लाख वीस हजारांवर अर्ज आले. बावीस वर्षांच्या मुलाला तर सोडतीचाही उपयोग नाही. त्याला आयुष्यभराचं कर्ज नको आहे. त्याला चार-पाच वर्षं नीट झोपता येईल अशी खोली हवी आहे.

आमच्या विदर्भातल्या एका माणसाची इथे आठवण करून देते. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. स्वतःसाठी त्यांनी खोपटंही बांधलं नाही, पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. परगावी गेलेल्या गरीब माणसाला पहिली गरज कशाची असते, हे त्यांनी फिरून फिरून ओळखलं होतं: पाठ टेकायला कोरडी जागा, पाण्याचा नळ, चूल, आणि कुणी हाकलणार नाही याची खात्री. त्यांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात आलेल्या कितीतरी कुटुंबांना आसरा देते. तुमच्या अभ्यासक्रमात परदेशातल्या तरंगत्या वसाहती जरूर शिकवा. पण एकदा विद्यार्थ्यांना या धर्मशाळेत नेऊन तिची मोजमापं घ्यायला लावा. एका माणसामागे किती जागा, किती मोऱ्या, स्वयंपाकाची सोय कशी, दिव्यांचं बिल कसं भरलं जातं, हे त्यांनी कागदावर मांडावं. मुंबईला आज अशा शेकडो इमारतींची गरज आहे, विद्यार्थ्यांसाठी, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी, रुग्णांसोबत आलेल्यांसाठी.

पाण्यावरच्या घरांविषयी एक नागपूरकर इतक्या ठामपणे का बोलते, याचं आणखी एक कारण आहे. होडी न बांधता पाण्यावर घरं कशी होतात, हे आम्ही पाहिलं आहे. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री आणि २३ च्या पहाटे शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. दीडशे वर्षांचा अंबाझरी तलाव भरून वाहिला. नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांत शिरलं, सीताबर्डीच्या मोरभवन स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. माणसं मेली. अंधारात लोक गच्चीवर चढले आणि सकाळी सैन्याच्या आणि आपत्ती दलाच्या जवानांनी त्यांना रबरी बोटींतून बाहेर काढलं. ज्या रस्त्यांवरून आदल्या संध्याकाळी मुलं शिकवणीहून घरी परतली होती, त्याच रस्त्यांवरून.

त्या वस्त्या झोपडपट्ट्या नव्हत्या. मंजूर नकाशांची, बँकेच्या कर्जाची, सेवानिवृत्तांच्या आयुष्यभराच्या पुंजीची घरं होती ती. सांडव्यासमोरचं बांधकाम, नदीचं आक्रसलेलं पात्र, अपुरे पूल, तलावाच्या बांधाची दुरुस्ती या सगळ्यावर नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात सुनावण्या झाल्या. हे प्रश्न पूर आल्यावर न्यायालयात विचारावे लागले, म्हणजे आधी नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलावर ते विचारले गेले नव्हते. नाईक तलाव आणि लेंडी तलाव वस्तीने कसे आक्रसत गेले ते सगळ्या नागपूरने पाहिलं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विनामंजुरीचे ५७२ आणि १९०० लेआउट. नागपूरच्या बाहेर हे आकडे कुणाला काही सांगणार नाहीत, पण इथे रिक्षावाल्यालाही ते ठाऊक आहेत. परवडणारा मंजूर भूखंड मिळेना म्हणून लोकांनी शेतजमिनीचे गुंठे घेतले, घरं बांधली, आणि मग वर्षानुवर्षं नियमितीकरणाच्या मागे धावले. शहर माणसाला वेळेवर जागा देत नाही तेव्हा माणूस मिळेल तिथे घर बांधतो, नाल्याच्या काठावर बांधतो, तलावाच्या पोटात बांधतो. मुंबईत तोच माणूस खाडीकडे पाहू लागला आहे. यात नवीन काही नाही.

नागपूर अजून मुंबई झालेलं नाही. इथे भाड्याने खोली मिळते, मध्यमवर्गीयाला कर्ज काढून घर घेता येतं. पण मेट्रो आली, समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, शहराभोवतीच्या जमिनींचे भाव ऐकून आता छाती दडपते. मुंबईत जे झालं ते इथे टाळायला अजून वेळ आहे, आणि तो वेळ तुमच्या हातात आहे.

म्हणून काही मागण्या करते. त्या तपशीलवार आहेत, कारण मोघम मागण्यांना मोघम उत्तरं येतात.

राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात विद्यार्थी, नोकरदार स्त्रिया आणि कामगार यांच्या घरांचा विचार आहे, त्याचं मी मनापासून स्वागत करते. त्याचं नाव ‘माझे घर, माझे अधिकार’ असं आहे. त्या अधिकारात भाड्याने राहणाऱ्याचा अधिकार ठळकपणे धरा. सरकारी, महापालिकेच्या आणि बंदराच्या जमिनींपैकी निश्चित हिस्सा भाड्याच्या घरांसाठी आणि वसतिगृहांसाठी राखून ठेवा, आणि ती घरं विकता येणार नाहीत अशी अट सुरुवातीलाच घाला. नंतर मालकीची मागणी येणारच, तेव्हा ती अट टिकली पाहिजे. मुंबईतल्या वसतिगृहांत मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून येणाऱ्यांसाठी जागा ठेवा. नागपूर करारात नोकऱ्या आणि शिक्षणातल्या वाट्याची भाषा होती. राहण्याच्या जागेशिवाय त्या वाट्याला अर्थ उरत नाही. आडनाव किंवा ताटातलं अन्न पाहून भाडेकरू नाकारणाऱ्या सोसायट्यांवर कारवाई कोण करणार, हेही धोरणात लिहा.

समुद्राविषयी बोलायचं असेल तर आधी समुद्रावरच्या माणसांकडे जा. धक्क्यांवर खलाशांसाठी आंघोळीची, शौचाची, झोपण्याची चांगली सोय करा. पाण्यावर राहणाऱ्यांसाठी बांधलेलं ते मुंबईतलं पहिलं खरं काम ठरेल. कोळीवाड्यांचं सीमांकन रखडवू नका. वरळीला किनारी मार्गाच्या पुलाखालून होड्या जायच्या तर खांबांमधलं ६० मीटर अंतर पुरणार नाही, असं कोळी सांगत राहिले. बऱ्याच आंदोलनानंतर ते १२० मीटर करण्याचं ठरलं. त्यांना आधी विचारलं असतं तर सगळ्यांचाच वेळ वाचला असता. पाण्याबद्दलचं ज्ञान या शहरात आहे, ते तुमच्या बैठकीत बोलावलं जात नाही एवढंच.

आणि तरीही कुणाला तरंगत्या घरांचा प्रयोग करायचा असेल, तर करा. पण तो घरटंचाईचं उत्तर म्हणून मांडू नका. केरळात पर्यटकांच्या हाऊसबोटी आहेत. पर्यटक दोन रात्री राहून जातो, रहिवासी जूनमध्येही तिथेच असतो. त्याचा पत्ता आधारकार्डावर आणि मतदार यादीत काय लिहायचा, मैलापाणी कुठे जाणार, वादळाची सूचना मिळाल्यावर तो कुठल्या इमारतीत जाऊन थांबणार, बोट बांधायच्या जागेचं भाडं कोण ठरवणार आणि दहा वर्षांनी ते किती असणार, हे पाच-सहा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर सोडवून दाखवा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांनाही हीच कसोटी लावा. ज्याला ही उत्तरं देता येतील, त्याचं चित्र मी आनंदाने माझ्या भिंतीवर लावीन.

नागपूरसाठी मागणी छोटी आहे. नाग, पिवळी आणि पोहरा या तिन्ही नद्यांच्या निळ्या आणि लाल पूररेषा सामान्य माणसाला कळतील अशा नकाशावर, मराठीत, वॉर्डावॉर्डात लावा. भूखंड घेणाऱ्याला सातबारा पाहायची सवय आहे, पूररेषा पाहायची सवय लागेल अशी सोय करा. पूररेषेत नवीन मंजुरी देऊ नका, मागणारा कितीही मोठा असो. जे आधीच तिथे राहतात त्यांना हलवायचं असेल तर शहराबाहेर पंधरा किलोमीटरवर फेकू नका. कामाच्या आवाक्यात जागा द्या, नाहीतर ती माणसं पुन्हा नाल्याकाठी येतील आणि त्यात चूक त्यांची नसेल.

माझ्या विद्यार्थ्याला मी बोट घेऊ नकोस असं सांगितलं. मग तो म्हणाला, ‘मॅडम, मग कुठं राहू ते सांगा.’ त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्याकडून हवं आहे. या वर्षी हिवाळी अधिवेशनासाठी संबंधित खात्यांचे अधिकारी नेहमीप्रमाणे नागपुरात येतील. त्या दिवसांत एक दुपार काढा. मुंबईत भाड्याने राहणारी मुलं, त्यांचे पालक, अंबाझरीच्या पुरात घर गेलेली कुटुंबं आणि जमलं तर मुंबईहून एखादा तांडेल, असे आम्ही समोर बसू. कागद, आकडे आणि तक्रारी आम्ही आणू. नकाशे तुम्ही आणा.

तारीख कळवावी, ही विनंती.



आपली,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका
नागपूर